'फ्रेस्को'ला 'भित्तिचित्र' म्हणावं का?

प्रश्न असा आहे. धर्मस्थळांत आणि राजवाड्यांत रंगवलेल्या लढायांवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद चालू आहे. मूळ लेखात तीन चित्रांना सरसकट 'फ्रेस्को' म्हटलं आहे. पहिलं इटलीतल्या अरेत्झो गावच्या सान फ्रान्चेस्को चर्चमधलं, पिएरो देल्ला फ्रान्चेस्कानं रंगवलेलं. दुसरं अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातलं, बौद्ध कथेतल्या सिंहल राजाच्या स्वारीचं. तिसरं फ्लॉरेन्सच्या राजवाड्यातलं, लिओनार्दोनं हाती घेतलेलं 'आंगियारीची लढाई'. संपादकांनी तिन्ही जागी 'भित्तिचित्र' असा बदल केला. अनुवादिकेला तो खटकतो, पण का खटकतो ते नेमकं सांगता येत नाही.

संपादकांचा शब्द चूक नाही. फक्त तो एका ठिकाणी कमी पडतो. मूळ लेखकाचा शब्द मात्र दोन ठिकाणी चक्क चुकला आहे.

'भित्तिचित्र' हा शब्द चित्र कुठे आहे एवढंच सांगतो. भिंतीवर आहे, बस्स. तेलरंगात काढलं, सरसात कालवून काढलं की परवा कोणी स्प्रेनं फवारलं, त्याला कशाचंच सोयरसुतक नाही. 'फ्रेस्को' जागेबद्दल मुळी बोलतच नाही, तो वेळ सांगतो. इटालियनमध्ये फ्रेस्को म्हणजे ताजा, आणि इथे ताजा आहे तो गिलावा. भिंतीला चुन्याचा गिलावा केला आणि तो ओला असतानाच त्यावर रंग चढवला तर तो फ्रेस्को. (उघड्यावरच्या हॉटेलांच्या पाटीवरचं 'अल फ्रेस्को' याच घरातलं, तिथे ताजी असते ती हवा.)

अंगणात कोबा घातला की दुसऱ्या दिवशी त्यात कुत्र्याची चार पावलं सापडतात, किंवा घरातल्या धाकट्यानं काडीनं कोरलेलं स्वतःचं नाव. कोबा वाळल्यावर त्याच कुत्र्यानं दिवसभर ये-जा केली तरी काही उमटत नाही. फ्रेस्कोचं सगळं मर्म या पावलांत आहे. रंग नुसत्या पाण्यात कालवलेला असतो. त्यात डिंक नाही, सरस नाही, अंड्याचा बलक नाही. ओला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. तसा होताना रंगाचे कणही आपल्यात बांधून घेतो. म्हणजे चित्र भिंतीवर बसत नाही, भिंतीतच जातं.

साहजिकच सगळं काम घाईचं. आज जेवढं रंगवून होईल तेवढ्याच तुकड्यावर गिलावा करायचा. उरला तर संध्याकाळी खरवडून टाकायचा. इटालियनमध्ये या एका दिवसाच्या तुकड्याला 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम. जवळून निरखलं तर दोन दिवसांमधले सांधे दिसतात आणि चित्र किती दिवसांत झालं ते जाणकार मोजून सांगतात. मराठीत यासाठी नवा शब्द घडवत बसू नये. शेतात आणि बांधकामावर 'रोज' आहेच. 'या घोड्याला चित्रकाराचे दोन रोज गेले' हे वाक्य मला तरी एकदम पटतं.

आता मराठी प्रतिशब्द. कोशांत आणि कलाविषयक लेखनात 'भित्तिलेपचित्र' भेटतो. शब्द घडीव आहे, पण त्यातही नेमकी ओल निसटते. लेप तर अजिंठ्यालाही आहे. राजस्थानातल्या कारागिरांनी हा घोळ केलेला नाही. ते या पद्धतीला 'आला-गीला' म्हणतात, दोन्ही शब्द ओलेपणाचे. हा 'गीला' आणि आपला 'गिलावा' भाऊभाऊ वाटतात, पण नात्यातले नाहीत. गिलाव्यातला 'गिल' फारसी, अर्थ माती किंवा चिखल, आणि पुढे 'आब' म्हणजे पाणी. मराठीत तो इतका मुरला की माती जाऊन चुना आला, चुना जाऊन सिमेंट आलं, तरी गवंडी गिलावाच करतो. म्हणून माझं मत असं: लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'ओल्या गिलाव्यावरचं चित्र, म्हणजे फ्रेस्को' असं एकदा उलगडून सांगावं आणि पुढे खुशाल 'फ्रेस्को' लिहावं. एका शब्दाचा हट्ट धरून 'आर्द्रभित्तिलेपचित्र' वगैरे काही घडवू नये. वाचक तिथेच पान उलटेल.

या कसोटीवर तिन्ही चित्रं पाहू.

अरेत्झोचं काम फ्रेस्कोच. १४५२ ते १४६६ या काळातलं. विषय ख्रिस्ताच्या क्रुसाची कथा, पण वेदीमागच्या भिंतींवर दोन लढाया आहेत. त्यातली एक हेराक्लिअस या बायझंटाइन सम्राटाची. इराणचा राजा खुस्रो यानं क्रूस पळवून नेला होता, तो परत मिळवण्यासाठीची. घोडे, भाले, निशाणं यांची अशी दाटी की क्षणभर आपण चर्चमध्ये आहोत हे विसरावं. आणि हे सगळं ज्या थरावर रंगवलं त्याचा मराठी शब्द, 'गिलावा', आला खुस्रोच्याच मुलखातून! असो.

अजिंठा मात्र फ्रेस्को नव्हे. तिथे कातळावर आधी माती, भाताचं तूस आणि गवताचे तंतू यांचं लिंपण आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. याला टेंपेरा म्हणतात. इटालियन लोक कोरड्या भिंतीवरच्या कामाला 'आ सेक्को' म्हणतात, सेक्को म्हणजे सुका. मग 'अजिंठ्याचे फ्रेस्को' हे रूढ कसं झालं? इंग्रजी पुस्तकांमुळे. लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकानं केलेल्या प्रतिकृतींचं पुस्तक १९१५ साली निघालं, त्याच्या नावातच फ्रेस्को होतं. गंमत म्हणजे या बाई इंग्लंडातल्या टेंपेराच्या मोठ्या जाणकार. १९०१ साली टेंपेरा चित्रकारांची संस्था काढण्यात त्या पुढे होत्या. तेव्हा जुनी छापील साक्ष काढून कोणी वाद घालायला आलं तर घाबरू नका. १७ व्या लेण्यात होड्यांतून निघालेले हत्ती-घोडे आणि राक्षसिणींच्या बेटावर उतरणारं सिंहलाचं सैन्य आहे, ते 'भित्तिचित्र' म्हणून अगदी बरोबर. पद्धत सांगायची असेल तर 'कोरड्या गिलाव्यावरचं' हे शब्द पुढे जोडा.

तिसऱ्या चित्रात खरी मेख आहे. ओल्या गिलाव्याची घाई लिओनार्दोच्या स्वभावात बसणारी नव्हती. एक रेघ मारायची, बघत बसायचं, चार दिवसांनी ती बदलायची, ही त्याची रीत. मिलानमधलं 'शेवटचं भोजन' त्यानं १४९५ ते १४९८ या काळात कोरड्या भिंतीवरच रंगवलं. त्याच्या हयातीतच त्याचे पोपडे सुटू लागले. तरी जगभर ते 'फ्रेस्को' म्हणून छापलं जातं. आंगियारीला त्यानं ६ जून १५०५ रोजी रंग लावायला सुरुवात केली. त्याच दिवशी मुसळधार पाऊस आल्याचं त्याच्याच टिपणात आहे. इथे त्यानं तेलाचा प्रयोग केला. रंग वाळेनात, म्हणून शेगड्या पेटवल्या. खालचा भाग सुकला, वरचा ओघळला, असं सांगतात. काम अर्धवट राहिलं आणि पुढे १५६३ नंतर वासारी या चित्रकारानं त्या दालनाच्या भिंतींवर आपल्या लढाया रंगवल्या. त्या मात्र फ्रेस्को! म्हणजे लेखात 'या दालनातले लढायांचे फ्रेस्को' असं असेल तर ते वासारीला लागू, लिओनार्दोला नाही.

ओल्या आणि सुक्याचा हा फरक शब्दांपुरता नाही. पिसा शहरात काम्पोसांतो नावाची जुनी दफनभूमी आहे, तिच्या भिंतींवर धार्मिक विषयांचे प्रचंड फ्रेस्को. २७ जुलै १९४४ ला तोफगोळ्यानं छताला आग लागली आणि वितळलेलं शिसं भिंतींवरून ओघळलं. रंग गिलाव्यातच बांधलेला होता, म्हणून जे उरलं ते वाचवायला जाणकारांनी रंगाचा थर भिंतीपासून सोलून कापडावर घेतला. आणि खाली काय निघालं? गेरूनं काढलेली कच्ची रेखाटनं. त्यांना 'सिनोपिया' म्हणतात. अनुवादात हा शब्द आलाच तर सरळ 'गेरूचं रेखाटन' लिहा. तुळशीवृंदावनाला लावतो तीच तांबडी माती.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. 'भित्ती' सुटा लिहिताना दीर्घ, पण समासात 'भित्तिचित्र' ऱ्हस्व, बुद्धी आणि बुद्धिबळ यांच्यासारखं. आणि फ्रेस्कोचं लिंग? 'तो फोटो', 'तो रेडिओ' यांच्या रांगेत 'तो फ्रेस्को'. अनेकवचनही 'ते फ्रेस्को' असंच, 'फ्रेस्कोज' नको. अनुवादात 'ते फ्रेस्को अप्रतिम आहे' असं वाक्य असेल तर तेवढं बदला.