वाचकांचे प्रश्न : चित्राचा पत्ता

डब्लिन शहरातील पायी भ्रमंती आणि आयरिश चित्रकला या विषयावरील माझा लेख मागील अंकात आला, त्यावर सातारा, वाई आणि कराड येथून पत्रे आली. त्यांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. उरलेली पत्रे बहुतांशी विमानभाड्याविषयी असल्यामुळे ती बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : कलेच्या अभ्यासकाने दप्तरखान्यात शिरण्याआधी शहरात पायी फिरावे, असे आपण लिहिता. आम्ही मुलांना आयुष्यभर उलटे शिकवले : आधी कागद, मग बाकी सारे. भटकंतीला संशोधन म्हणणे कितपत योग्य आहे?
— निवृत्त इतिहास शिक्षक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : सर, आपली शंका रास्त आहे. कागदाच्या आधाराशिवाय विधान करू नये, हा दंडक मलाही मान्य आहे. मात्र त्या कागदाला नेमके काय विचारायचे, हे पुष्कळदा रस्त्यावर उभे राहिल्याशिवाय सुचत नाही, असा माझा अनुभव आहे.

जॅक बी. येट्स (१८७१–१९५७) यांचे ‘द लिफी स्विम’ हे १९२३ मधील चित्र उदाहरणादाखल घेऊ. डब्लिनच्या मधून वाहणाऱ्या लिफी नदीत दरवर्षी होणारी पोहण्याची शर्यत हा त्याचा विषय आहे. परंतु पाहणाऱ्याला आधी दिसतात त्या बघ्यांच्या पाठी, टोप्या आणि पुढे झुकलेल्या माना, आणि पोहणारे त्यानंतर. पुस्तकातील छापील प्रत पाहताना ही मांडणी म्हणजे चित्रकाराची लकब वाटते. प्रत्यक्ष नदीकाठाने चालू लागल्यावर ध्यानात येते की लिफी दोन्ही बाजूंनी दगडी भिंतींत बांधून काढलेली आहे आणि पाणी रस्त्याच्या पातळीहून बरेच खाली आहे. आपल्या संगम माहुलीला घाटाच्या पायऱ्या उतरत आपण थेट कृष्णेच्या पाण्यापाशी पोहोचतो. डब्लिनच्या त्या काठावर कठड्यावरून वाकल्याखेरीज पाणी नीट दिसत नाही. त्या वाकलेल्या मानांमागे शहराची बांधणी आहे, हे एकदा कळले की प्रश्नांची रांगच लागते : चित्रकार कोणत्या पुलाच्या बाजूला उभा असेल, त्या वर्षी शर्यतीचा मार्ग कोणता होता, वृत्तपत्रांनी गर्दीचे वर्णन कसे केले. या प्रश्नांची उत्तरे कागदातच शोधावी लागतात, तेव्हा आपला दंडक अबाधित राहतो. याच चित्राला १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कलास्पर्धेत रौप्यपदक मिळाले आणि स्वतंत्र आयर्लंडचे ते पहिले ऑलिंपिक पदक ठरले. आता ते आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

त्याच काठावर हापेनी पूल नावाचा १८१६ मधील लोखंडी पादचारी पूल आहे. त्याच्या जागी नदीवर आडवे कलादालन उभारावे, अशी संग्राहक ह्यू लेन यांची इच्छा होती आणि त्या दालनाचा आराखडा पुढे नवी दिल्ली घडवणाऱ्या एडविन लट्येन्स यांनी केला होता. महापालिकेने १९१३ मध्ये तो नाकारला, तेव्हा लेन यांनी आपली ३९ चित्रे लंडनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे दिली. पुढे मृत्युपत्राच्या पुरवणीत त्यांनी ती पुन्हा डब्लिनच्या नावे केली. पण पुरवणीवर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या आणि मे १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ जहाज बुडाले त्यात लेन गेले. दोन सह्यांअभावी दोन देशांमध्ये अनेक दशके वाद चालला. १९५९ मध्ये चित्रे आळीपाळीने दाखवण्याचा करार झाला, तेव्हा कुठे त्यातून वाट निघाली. पुलावर उभे राहून नदीची रुंदी पाहिली, म्हणजे महापालिकेचा नकार निव्वळ कद्रूपणाचा होता की नाही, यावर स्वतःचे मत बनवता येते. माझे मत लेन यांच्या बाजूचे नाही; तेथे दालन झाले असते तर नदीचा मोकळा पट्टा झाकला गेला असता.

आणखी एक मुद्दा आपल्यासारख्या इतिहासाच्या अध्यापकास विशेष पटेल. आयर्लंडचे सार्वजनिक दप्तर लिफीच्याच काठी ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयाच्या आवारात होते. यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी ते स्फोटात आणि आगीत नष्ट झाले आणि शतकानुशतकांचे कागद गेले. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) सोडताना आपल्याला जो भरवसा वाटतो, तो तेथील संशोधकाला अनेक विषयांत उरलेला नाही. अन्यत्र राहिलेल्या नकलांवरून त्या दप्तराची डिजिटल पुनर्रचना २०२२ मध्ये खुली झाली, तरी इमारती, पुतळे आणि खिडक्या यांना साक्षीदार म्हणून तेथे अधिक वजन आहे.

प्रश्न : आयरिश कला म्हणजे ‘बुक ऑफ केल्स’, एवढेच आम्ही ऐकून आहोत. त्याखेरीज कोणाला पाहावे?
— एक चित्रकला शिक्षिका, वाई

उत्तर : ताई, इसवी सन ८०० च्या सुमाराचा तो सचित्र हस्तलिखित ग्रंथ थोर आहेच, पण एकच कलाकार निवडायचा झाल्यास मी हॅरी क्लार्क (१८८९–१९३१) यांचे नाव घेईन. त्यांचे वडील चर्चच्या सजावटीचा व्यवसाय करीत. मुलाने रंगीत काचेच्या खिडक्यांना आपले माध्यम केले. साध्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर चढवलेली काच घेऊन, तिचे काही भाग मेणाने झाकून, उरलेला थर ते आम्लाने टप्प्याटप्प्याने खाऊन टाकीत. त्यामुळे एकाच तुकड्यात गडद निळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंतच्या छटा मिळत; त्यावर ते ब्रशाने आणि सुईने बारीक काम करीत. डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवरील ‘ब्यूलीज’ या कॅफेत त्यांच्या खिडक्या आहेत. त्या सकाळी आणि दुपारी अशा दोन वेळा पाहाव्यात, कारण बाहेरचा उजेड बदलला की रंगांचे परस्परसंबंधही बदलतात आणि छायाचित्रात ते येत नाही. जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयासाठी आयरिश सरकारने त्यांच्याकडून करवून घेतलेली खिडकी सरकारलाच रुचली नाही. ती आज अमेरिकेत, मायामी बीच येथील संग्रहालयात आहे.

चित्रकर्त्री मेनी जेलेट यांची १९२३ मधील घनवादी (भौमितिक आकारांत मांडणी करणारी) चित्रेही अवश्य पाहावीत. त्या काळी डब्लिनच्या समीक्षकांनी त्यांची टर उडवली होती.

प्रश्न : मी कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी आहे. डब्लिनला जाणे शक्य नाही. साताऱ्यात राहून या विषयाचा अभ्यास कसा सुरू करू?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : चित्रांच्या चांगल्या प्रतिमा राष्ट्रीय कलादालनाच्या संकेतस्थळावर मिळतात, त्याविषयी जास्त सांगत नाही. पाहण्याची सवय मात्र इथेच लावावी लागेल आणि त्यासाठी औंधला जावे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्पही आहे. गाडी पायथ्याशी सोडून चालत वर जावे. कोणत्या दालनानंतर कोणते दालन येते, उजेड कोणत्या बाजूने पडतो आणि चित्र नजरेच्या पातळीवर आहे की वर, याची वहीत नोंद करावी. मग ह्यू लेन आणि बाळासाहेब या दोन संग्राहकांवर एक टिपण लिहावे : एकाने शहराच्या महापालिकेकडे हात पसरला, दुसरा स्वतःच संस्थानिक होता, तरी दोघांनाही आपला संग्रह चार भिंतींआड ठेवायचा नव्हता.

भारताशी थेट दुवा हवा असेल तर डब्लिनमध्ये जन्मलेले आणि १८२४ मध्ये मद्रासला वारलेले थॉमस हिकी हे चित्रकार निवडावेत. भारताचे पहिले सर्वेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी यांचे १८१६ मधील व्यक्तिचित्र त्यांचेच असून त्यात मॅकेन्झींसोबत तीन भारतीय सहायक उभे आहेत. त्या चित्राला आयरिश म्हणावे, कंपनी सरकारचे म्हणावे की मद्रासचे, यावर प्रबंध सहज होईल. मार्गदर्शक नेमण्यापूर्वी त्यांना हा प्रश्न विचारून पाहावा.