ॲप्लेटचे स्वतंत्र प्रोग्राममध्ये रूपांतर

प्रश्न : लंबकाचे आंदोलन दाखवणारे एक जुने जावा ॲप्लेट (वेब पानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम) माझ्याकडे मूळ सोर्स कोडसह आहे, पण आता ते ब्राउझरमध्ये चालत नाही. त्यात ‘मेन’ मेथड घालून एक खिडकी उघडली, तर चित्र लोड होताना ‘नल पॉइंटर’ एरर येते. सगळे नव्याने न लिहिता हे ॲप्लेट डेस्कटॉपवर चालवता येईल का?

उत्तर : नक्की येईल, आणि आंदोलनाचे गणित व रेखाटनाचा कोड बहुतांशी आहे तसाच राहील. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा प्लगइनला दिलेला आधार काढला, पुढे २०१८ च्या जेडीके (जावाचा विकास-संच) ११ मधून ते प्लगइनही गेले. त्यामुळे ब्राउझरमध्ये परतण्याचा विचार सोडून देणेच योग्य.

आपल्या एररचे कारण असे, की ॲप्लेटला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो, तो ब्राउझर पुरवतो. ‘गेटकोडबेस’, ‘गेटडॉक्युमेंटबेस’ आणि ‘गेटपॅरामीटर’ या तिन्ही मेथड ब्राउझरने जोडलेल्या एका दुव्यावर अवलंबून असतात, आणि आपण ॲप्लेट स्वतःच तयार केले की तो दुवा रिकामा राहतो. म्हणून चित्र क्लासच्या ‘गेटरिसोर्स’ मेथडने शोधून ‘इमेजआयओ’ या चित्रे वाचणाऱ्या क्लासने वाचावे, आणि वेब पानावरून येणारी मूल्ये कमांड लाइनवरून किंवा प्रॉपर्टीज फाइलमधून घ्यावीत. जार फाइलमध्ये (प्रोग्रामचे सर्व भाग एकत्र बांधणारी फाइल) नावांतील लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, हे येथे विसरू नये. फोल्डरमधून नीट दिसणारे चित्र जार केल्यावर नाहीसे होते, ते बहुधा याचमुळे.

मुख्य क्लास ‘जेॲप्लेट’ऐवजी ‘जेपॅनल’ या खिडकीत ठेवता येणाऱ्या पॅनलच्या क्लासवर आधारावा, ‘पेंट’मधील रेखाटन ‘पेंटकंपोनंट’मध्ये हलवावे आणि त्याच्या सुरुवातीला मूळ क्लासची तीच मेथड बोलवावी, नाहीतर लंबकाच्या आधीच्या स्थितीच्या रेघा पडद्यावर उरण्याची शक्यता असते. ‘जेॲप्लेट’मधील घटक बॉर्डरलेआउटने मांडले जातात, तर पॅनल मुळात फ्लोलेआउट वापरते, बटणे व सरकपट्ट्या अचानक आक्रसल्या, तर लेआउट स्पष्टपणे नेमून द्यावा. पानावर दिलेली रुंदी-उंचीही आता नसेल, म्हणून पॅनलचा अपेक्षित आकार कोडमध्येच लिहावा.

ॲप्लेटच्या ‘इनिट’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ आणि ‘डिस्ट्रॉय’ या मेथड ब्राउझर योग्य वेळी बोलावत असे. ते काम आता आपले आहे, आणि माझ्या मते या रूपांतरात सर्वाधिक काळजी येथेच घ्यावी लागते. ‘मेन’मधून ‘स्विंगयुटिलिटीज’च्या ‘इन्व्होकलेटर’द्वारे ‘जेफ्रेम’ म्हणजे खिडकी तयार करावी, पॅनल तिच्यात ठेवून ‘इनिट’ बोलवावी, ‘पॅक’ करून खिडकी दाखवावी आणि मग ‘स्टार्ट’ बोलवावी. खिडकी लहान करताना ‘स्टॉप’ आणि पुन्हा उघडताना ‘स्टार्ट’ बोलावण्याची जोड विंडो लिसनरमध्ये (खिडकीतील घडामोडींवर लक्ष ठेवणारा कोड) दिली नाही, तर आंदोलनाचा टायमर कोणी पाहत नसतानाही प्रोसेसर राबवत राहतो. खिडकी बंद होताना प्रोग्रामही थांबावा, हे ‘सेटडिफॉल्टक्लोजऑपरेशन’ने ठरवावे.

शेवटी मॅनिफेस्टमध्ये (जारबद्दलची माहिती देणारी तिच्यातील फाइल) मुख्य क्लासचे नाव देऊन जार बनवावी. वापरणाऱ्यांच्या संगणकावर जावा नसेल, तर जेडीके १६ पासून पूर्णत्वाने मिळणाऱ्या ‘जेपॅकेज’ने आवश्यक जावासह इन्स्टॉलर तयार होतो.