वाचकांचे प्रश्न: मैनाला यंदा सारंगखेड्याला न्यायचं का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, आम्ही माळशिरस तालुक्यातले. आमच्याकडे मारवाडी घोडी आहे, मैना, रंग कुमैत, वय 17 पूर्ण. आण्णांनी (माझे वडील) ती 3 वर्षांची असताना अकलूजच्या बाजारातनं आणली आणि स्वतः नाच शिकवला. गेली 8 वर्षं दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नाचाच्या स्पर्धेला नेतोय, घरात शोकेसभर कप आहेत. दोन वर्षांपासून थंडीत सकाळी मागून आखडलेली असते, पंधरावीस मिनिटं चालवली की मोकळी होते. एक्सरेत उजव्या मागच्या ढोपराच्या खालच्या सांध्यात झीज निघाली. सांध्यात इंजेक्शन दिलं, 8 महिने एकदम फर्स्टक्लास होती, मग परत दिलं तर 3 महिनेच टिकलं. मागच्या डिसेंबरला नाचात बाजेवर (खाटेवर) चढवताना पुढचे पाय टाकले आणि मागचे वर घेतलेच नाहीत, हलगी वाजत होती, माणसं बघत होती, आण्णा लगाम धरून तसेच उभे. आता ते म्हणतात अजून एक इंजेक्शन देऊ, एक शेवटचं वर्ष करू. मी म्हणतो बास. तर ते म्हणतात, माझे पण गुडघे गेलेत, मी नाही का गोळी घेऊन रानात जात? डॉक्टर, कधी थांबवायचं हे नक्की कसं कळतं? – एक वाचक

उत्तर: दादा, कधी थांबवायचं ते तुमच्याच पत्रात लिहिलंय, फक्त तुम्ही ते इंजेक्शनच्या हिशोबात लिहिलंय म्हणून तुम्हाला दिसेना. आधी 8 महिने, मग 3 महिने. तिसरं किती टिकेल मला सांगता येणार नाही, पण उतरण कुठल्या बाजूला आहे ते दिसतंय ना.

आधी तो सांधा समजून घ्या म्हणजे आण्णांशी बोलताना बरं पडेल. घोड्याच्या मागच्या पायाचं जे ढोपर आपण म्हणतो ते खरं म्हणजे आपल्या घोट्याच्या जागेचा सांधा, आणि तो एक नाही, एकावर एक थर असलेले तीनचार सांधे आहेत. जवळजवळ सगळी हालचाल वरच्यात होते, खालचे दोन जेमतेम हलतात पण धक्का तेच खातात. तिथे झीज झाली की हाडाची वाढ होते, जुनी घोडेवाली माणसं त्याला हड्डा म्हणतात, आतल्या बाजूनं खाली हात फिरवला तर कडक उंचवटा लागतो. आता यातली एक गोष्ट बरीये, ती अशी की खालचे सांधे कधीकधी वर्षादोन वर्षांत आपोआप जुळून एक होतात आणि मग दुखणं बरंच कमी होतं. म्हणजे मैना काही आयुष्यातनं उठलेली नाही, चालेल, फिरेल, मजेत राहील. पण नाच?

नाचात काय होतं बघा. घोडी पुढून हलकी होते आणि सगळं वजन मागच्या ढोपरांवर घेऊन जागच्या जागी पाय आपटते, हलगी वाढली की आणखी खाली बसते, आणि बाजेवर तर तेच वजन डुगडुगत्या जागेवर. हाच आजार पुढच्या पायात असता तर मी कदाचित वेगळं काहीतरी लिहिलं असतं. इथे दुखणारा सांधा आणि नाच यांचं सरळसरळ वैर आहे. त्यात माळशिरस ते सारंगखेडा चारशेच्या वर किलोमीटर, पिकअपमध्ये प्रत्येक ब्रेकला घोडी मागच्या पायांवर तोल सावरते, म्हणजे तापीकाठी उतरायच्या आधीच निम्मी दमलेली. त्यामुळे "नाचवत नाही, नुसती रूपाच्या स्पर्धेत उभी करतो" ही पळवाट पण मला फारशी पटत नाही, प्रवास तर तोच राहतो.

आता गोळीचं. आण्णांचा मुद्दा मला आवडला, खरंच. पण आण्णा गोळी घेतात तेव्हा गुडघा किती दुखतोय ते त्यांना माहीत असतं, बांधावर बसायचं कधी तेही ते स्वतः ठरवतात. मैनाला गोळी दिली तर दुखणं झाकलं जातं आणि किती नाचायचं ते हलगीवाला ठरवतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. नोकरीत नवा होतो तेव्हा एका जत्रेत मालकाच्या आग्रहाला बळी पडून सकाळी एका घोड्याला दुखणं मारायचं इंजेक्शन मीच दिलं होतं. दुपारी काय नाचला म्हणून सांगू, लोकांनी नोटा उधळल्या. रात्री औषधाचा अंमल उतरला आणि तो घोडा बसला तो सकाळपर्यंत उठेना, आम्ही आठ जणांनी दोर लावून उभा केला. मालकानं मला दोष दिला नाही. तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझा नियम सोपा आहे, रिंगणात उतरायला औषध लागत असेल तर घोडा रिटायर झालेला आहे, आपण फक्त जाहीर केलेलं नाही. आरामात राहावी म्हणून गोळी द्यायला माझी अजिबात हरकत नाही, ती डॉक्टरांच्या हिशोबानं जरूर द्या. फेनिलब्युटाझोन, म्हणजे घोड्यांना देतात ते दुखण्याचं औषध, जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत गेलं तर पोटात, आतड्यात अल्सर होतात, किडनीवर ताण येतो, म्हणून मनानं डोस वाढवायचा नाही. आणि माणसांच्या मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक तर आणूच नका, जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे, औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं संपत आली म्हणून.

तरीही आण्णांना डोळ्यानं दिसल्याशिवाय पटणार नाही, माझे वडील पण तसेच होते. तर तीन आठवडे एक वही करा आणि ती आण्णांच्याच हातात द्या. सकाळी दावणीतनं काढल्यावर कितव्या पावलाला मोकळी होते ते रोज मोजायचं. नालबंद आला की डावा मागचा पाय किती वेळ उचलू देते ते बघायचं, डावा बरं का, कारण डावा उचलला की सगळं वजन दुखऱ्या उजव्यावर येतं. काढलेल्या नाला फेकू नका, दोन्ही मागच्या शेजारी शेजारी ठेवून बघा, उजवीचं टोक जास्त घासलेलं असेल तर ती पाय ओढतेय. कडक जमिनीवर सरळ दुडकी पळवून मागून मोबाईलवर व्हिडिओ काढा, पुठ्ठ्याची (शेपटीच्या वरच्या मागच्या भागाची) एक बाजू दर पावलाला जास्त वरखाली होते का ते स्लो करून बघा.

आणि एक गोष्ट जी बहुतेक जण बघतच नाहीत. ती आडवी होऊन झोपते का? घोडा उभ्यानं डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवं व्हावंच लागतं. सांधे दुखणारं जनावर बसायला घाबरतं कारण परत उठायचं असतं. मग ते दिवसचे दिवस झोपत नाही, आणि उभ्या उभ्या गाढ झोप लागली की पुढचे पाय एकदम दुमडतात. सकाळी अंगाला, शेपटीला भुसा चिकटलेला दिसतो का बघा, आणि पुढच्या पायांना खुराच्या वरच्या सांध्यावर समोरनं खरचटलेलं आहे का तेही बघा. लोक म्हणतात दगडाला घासलं असेल. बऱ्याचदा ती न झालेल्या झोपेची खूण असते. असं दिसलं तर स्पर्धेचा विषय बाजूला ठेवा आणि पहिलं डॉक्टरांना बोलवा. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जमण्यासारखं आहे, ते जुने एक्सरे सोबत घेऊन जा.

रिटायर केली म्हणजे खुंट्याला बांधून ठेवली असं करू नका, ही सगळ्यात मोठी चूक होते. अगाडी पिछाडी (पुढून आणि मागून बांधायचे दोर) लावून दिवसभर उभी राहिली तर महिन्याभरात आत्ताच्यापेक्षा जास्त आखडेल. पिछाडी कायमची काढा, जमलं तर कुंपण घालून मोकळं सोडा, रोज अर्धा पाऊण तास मऊ जमिनीवर चालणं, खाली जाड भुसा, थंडीत रात्री झूल, दर 6-7 आठवड्यांनी खूर कापणं. आणि खुराक कमी. जत्रेसाठी तुम्ही दूध तूप बाजरी गूळ चालू केला असेल तर तो आता बंद, बरगडी दिसायची नाही पण हाताला लागली पाहिजे, इतपतच. अंगावरचं जास्तीचं वजन त्याच ढोपरावर येतं. (तुपावरनं घरोघरी भांडणं होतात, मला माहितीये, प्रेम तुपातनंच व्यक्त करायची आपल्याकडे पद्धत आहे.)

दोन गोष्टी कोणी ना कोणी सुचवेलच म्हणून आत्ताच सांगतो. एक, "आता शिंगरू घ्या हिच्यापासून". 17 वर्षं पूर्ण, पहिलटकरीण असेल तर आणखीनच अवघड, 11 महिने पोट, शेवटचे तीनचार महिने पोटाचा जादा भार त्याच सांध्यांवर, नको. दुसरं, लग्नसराईत वरातीला द्या म्हणून चांगली ऑफर येईल, नाचणारी घोडी आहे म्हटल्यावर येणारच. डांबरी रस्ता, डीजे, रात्री बारापर्यंत, आणि तुमच्या डोळ्याआड. म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे कामाला न झेपणाऱ्या जनावराला कामाला लावणं 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात, कलम 11 मध्ये गुन्हा आहे, पण खरं सांगू का, तुम्ही कायद्याला भिऊन थांबणारे नाही, तुम्ही मैनाला ओळखता म्हणून थांबाल.

राहिले आण्णा. तुमच्या पत्रात मैनाबद्दल जेवढं आहे तेवढंच त्यांच्याबद्दल आहे, मला वाटतं डिसेंबरला घरी बसायचं कसं हा त्यांचा प्रश्न असावा. तर त्यांना सारंगखेड्याला जाऊ द्या, मैनाशिवाय. आठ वर्षं तिथं जाणारा माणूस आहे तो, नवी पोरं लगाम कसा धरतात ते बघून चार शिव्या घालेल, त्याचं नाव होईल. आणि मैनाचा शेवटचा नाच व्हायचाच असेल तर तुमच्याच वाड्यापुढं, मातीत, बाजेशिवाय, दोन मिनिटं, आणि तोही त्या दिवशी ती स्वतः हलगी ऐकून कान टवकारून पाय उचलत असेल तरच. त्यांना वालेग्रोची गोष्ट सांगा. ब्रिटनचा ड्रेसाजचा (स्वाराच्या इशाऱ्यावर ठरलेल्या चाली दाखवायच्या स्पर्धेचा) घोडा, 2012 ला लंडनला आणि 2016 ला रिओला वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण, आणि त्याच 2016 च्या डिसेंबरात 14 व्या वर्षी चांगला धडधाकट असताना लंडनमधल्या शोमध्ये मानानं निवृत्त केला. मैना आज त्या वयाच्या तीन वर्षं पुढं आहे.

प्रश्न: आमच्या घोड्याला पण हड्डा आहे, वय 15. गावातले एक म्हातारे म्हणतात तापलेल्या सळईनं डाग द्या, दुखणं जातं. देऊ का? – एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर: नका देऊ. डाग दिला की घोडा दोनतीन महिने कामावरनं सुटतो, सक्तीचा आराम मिळतो, आणि जो फरक दिसतो तो आरामाचा असतो, सळईचा नाही. तोच आराम भाजल्याशिवाय द्या. त्या म्हाताऱ्यांना माझा नमस्कार सांगा, घोड्याची चाल बघून हड्डा आहे म्हणून त्यांनी ओळखलं असेल तर नजर तयार आहे त्यांची, दर पंधरा दिवसांनी त्यांच्यासमोर चालवून दाखवत जा. माळेगावच्या जत्रेत विकायचा विचार असेल तर घेणाऱ्याला हड्डा स्पष्ट सांगून विका.

प्रश्न: माझी मुलगी 12 वर्षांची, पुण्यात रायडिंग शिकते. तिचा आवडता घोडा 19 वर्षांचा, थोडा संधिवात आहे. क्लबवाले म्हणतात मोठ्या उड्या बंद पण शो पूर्ण बंद नाही. मुलगी रडतेय की त्याला त्रास देतायत. बरोबर कोण? – एक आई

उत्तर: मुलीचं मन बरोबर, क्लबचं म्हणणं पण बहुतेक बरोबर. सगळ्याच म्हाताऱ्या घोड्यांना एकदम थांबवायचं नसतं, एकेक पायरी खाली उतरवायची असते. उडीची उंची कमी, मग फक्त चालणं आणि दुडकी, मग अगदी लहान मुलांना पाठीवर घेऊन नुसती फेरी. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे लिपिझान जातीचे घोडे विशीतही काम करताना दिसतात, कारण रोजचं काम मोजकं आणि सावकाश असतं. पण क्लबला तीन गोष्टी विचारा. शोच्या आधी त्याला दुखण्याचं औषध देतात का, देत असतील तर माझं वरचं उत्तर वाचा. गेल्या वर्षभरात डॉक्टरांनी त्याला चालवून, पाय दुमडून तपासलंय का. आणि एका दिवसात तो किती मुलांना घेऊन फिरतो, कारण एक रडणारी मुलगी त्याला त्रास देत नाही, रविवारी सकाळपासनं लागलेली पंधरा मुलांची लाईन देते. मुलीला सांगा खोगीर घालायच्या आधी दहा मिनिटं त्याला हातानं चालवायचं काम तिचं. खोगीराचा पोटाखालचा पट्टा आवळताना कान मागे टाकतो का, डोळ्याच्या वर ताण दिसतो का, नाकपुडी आखडते का, हे तिनं सरांना रोज सांगायचं, सर कंटाळले तरी.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना घोड्याचं वय आणि शेवटचे खूर कधी कापले ते लिहायला विसरू नका, निम्म्या पत्रांत तेच नसतं.