यादीत नाव आहे, पण मताचा हक्क आहे का?

प्रश्न: मी साताऱ्याची, वय ६३. १९९६ साली यजमानांबरोबर अमेरिकेला गेले. २००९ मध्ये मी तिकडचं नागरिकत्व घेतलं. यजमानांनी घेतलं नाही, ते ग्रीन कार्डवरच राहिले, पासपोर्ट भारताचाच. २०१९ पासून आम्ही साताऱ्यात राहतो. माझ्याकडे २०१० पासूनचं ओसीआय कार्ड आहे, आधारही आहे. २०२३ मध्ये सोसायटीत मतदार नोंदणीचं शिबिर झालं. तिथल्या मुलाने आधार बघून फॉर्म भरला, मी सही केली आणि काही दिवसांत मतदार कार्ड घरी आलं. लोकसभेला ७ मे २०२४ रोजी मी मतही दिलं. आता दीर म्हणतात, हा गुन्हा आहे. नणंद म्हणते, ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्वच, आणि कार्ड तर सरकारनेच दिलंय. माझा भाचा लंडनला शिकतो. भारतीय पासपोर्टवर राहूनही त्याने तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत दिलं. मग मला माझ्या गावात का नाही? मागच्या हिवाळ्यात तीन महिने लेकीकडे न्यू जर्सीला होते, ते सोडलं तर इथेच आहे. काय करू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी एक सांगते. यापुढे मत देऊ नका. लोकसभा नाही, विधानसभा नाही, नगरपालिकाही नाही, कारण पालिका-पंचायतींच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. घरी चिठ्ठी आली तरी केंद्रावर जाऊ नका.

नणंदबाईंचा गैरसमज फार जणांचा आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्या कार्डाचं नावच फसवं आहे. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. ‘सिटिझन’ शब्द त्यात आहे, पण नागरिकत्व नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय म्हणजे हवं तेव्हा येण्याजाण्याची आणि हवं तितकं राहण्याची तहहयात मुभा, आणि त्याबरोबर काही आर्थिक व शैक्षणिक सवलती. नागरिकत्व कायदा, १९५५ मधल्या कलम ७ब मध्ये ओसीआयधारकाला काय मिळणार नाही याची यादी आहे, आणि मतदार म्हणून नोंदणी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे.

तुम्ही म्हणाल, मी भारताचं नागरिकत्व कधी सोडलंच नाही, तसा कागद दिला नाही. तो लागत नाही. याच कायद्याचं कलम ९ सांगतं की आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. जुना पासपोर्ट कधी जमा केला याने फरक पडत नाही. २००९ साली ज्या दिवशी तुम्ही तिकडची शपथ घेतलीत, त्या दिवशी ते संपलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण साताऱ्याशी तुमचं नातं त्या दिवशी संपलं नव्हतं. पण मतदान केंद्रावर कायदा नातं विचारत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ मध्ये मतदार होण्याची पहिली अट भारताचं नागरिकत्व ही आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १६ बिगरनागरिकाला नोंदणीसाठी अपात्र ठरवतं. आणि चुकून नाव लागलंच तर? त्याच नावाच्या १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ आडवं येतं: यादीत नाव असलं तरी जो कलम १६ खाली अपात्र आहे त्याने मत द्यायचं नाही. म्हणजे सरकारने कार्ड दिलं म्हणून हक्क तयार झाला नाही. आधारचंही तेच. आधार इथे राहणाऱ्याला मिळतं, आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता दिरांच्या बोलण्याकडे येते, कारण तुमची झोप त्याने उडाली असणार. शिबिरात तुम्ही सही केलीत तो फॉर्म ६ होता. त्याचा कोरा नमुना काढून सहीच्या वरचा मजकूर वाचा. आपण भारताचे नागरिक आहोत अशी घोषणा तिथे आहे. मतदार यादीसाठी खोटी लेखी घोषणा केली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ती घोषणा खोटी आहे हे सही करणाऱ्याला ठाऊक हवं, किंवा ती खरी आहे असं त्याला स्वतःलाच वाटत नसायला हवं. दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मवर, ओसीआय म्हणजे नागरिकत्वच या समजुतीत केलेली सही त्यात सहजासहजी बसत नाही. शिवाय इतक्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला एरवी एक वर्षाची मुदत असते, आणि ती उलटून गेली आहे. तरी यावर विसंबून गप्प बसू नका. चूक कळल्यानंतर पुन्हा मत दिलंत, तर ‘मला माहीत नव्हतं’ हा तुमचा सगळ्यात मोठा आधार जाईल.

म्हणून नाव स्वतः काढून घ्या. त्यासाठी फॉर्म ७ आहे. तो ऑनलाइन भरता येतो, नाहीतर तुमच्या भागातल्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्या. कारणांमध्ये ‘भारतीय नागरिक नाही’ हा पर्याय आहे, तोच निवडा. ‘कायमचे स्थलांतर’ निवडा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, एका चुकीच्या घोषणेवर दुसरी नको. सोबत लांबलचक कबुलीजबाबही जोडू नका. अर्ज देण्याआधी साताऱ्यातल्याच एखाद्या फौजदारी वकिलासमोर तासभर बसा, त्यांना ओसीआय कार्ड आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र दाखवा. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.

भाच्याचं उदाहरण खरं आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या पार्लमेंटसाठी मत देता येतं, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत त्याने दिलेलं मत पूर्ण कायदेशीर. पण ती ब्रिटनने आपल्या कायद्यात दिलेली सवलत आहे. भारताने अशी सवलत कुणालाच दिलेली नाही, तिथल्या नागरिकांनाही नाही.

यजमानांची गोष्ट अगदी वेगळी. ग्रीन कार्ड म्हणजे तिकडे राहण्याचा परवाना, नागरिकत्व नव्हे. ते भारताचे नागरिक आहेत, साताऱ्यात राहतात, त्यांचं मत पक्कं. (ते अमेरिकेतच राहत असते तरी २०११ पासून फॉर्म ६अ भरून नाव लावता आलं असतं, फक्त मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः इथे यावं लागलं असतं.) तुमचं नाव निघाल्यावर ‘हेही अमेरिकावालेच’ म्हणून कुणी त्यांच्यावर आक्षेप घेतला, तर घाबरू नये. नोटीस देऊन, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नुसत्या संशयावर नाव काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लाल बाबू हुसेन प्रकरणात हे बजावलेलं आहे. सुनावणीला त्यांनी पासपोर्ट घेऊन जावं.

आणि तुम्हाला खरोखर मत द्यायचं असेल तर परतीची वाट आहे, ती मनापासून सुचवते. नागरिकत्व कायद्याचं कलम ५(१)(ग): ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली आणि अर्जाच्या आधी सलग बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे जातो, शेवटी निष्ठेची शपथ असते. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व सोडावं लागेल, आणि मग लेकीकडे जायला व्हिसा लागेल. तिकडची पेन्शन, तिकडचे कर यांचा हिशेब त्या विषयातल्या माणसाकडून आधी करून घ्या. तुमची पाच वर्षं केव्हाच भरली आहेत. बारा महिन्यांत मात्र केंद्र सरकार विशेष कारणाने जास्तीत जास्त तीस दिवसांची तूट माफ करू शकतं, आणि तुम्ही तीन महिने बाहेर होतात. न्यू जर्सीहून परतल्याचा पासपोर्टवरचा शिक्का बघा आणि बारा महिने तिथून मोजा.