पाय भरून येतात, अ‍ॅस्पिरिन वाढवू का?

प्रश्न : वडिलांचं वय ६४, दहा वर्षांपासून डायबेटिस. बाजारापर्यंत चालताना पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं. पायाचं रक्ताभिसरण सुधारावं म्हणून महिनाभर रोज अ‍ॅस्पिरिन ७५ घेताहेत, ढिम्म फरक नाही. १५० करावी का?

उत्तर : नको. गोळी तिचं काम करत असेलही, पण ते काम पोटरीतलं नाही. अ‍ॅस्पिरिनमुळे प्लेटलेट्स (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटत नाहीत. पोटरी अशी भरून येते ती बहुधा पायाची धमनी अरुंद झाल्याने; ती काही त्यामुळे रुंद होत नाही आणि चालण्याचं अंतरही वाढत नाही. अशा रुग्णांना ती देतात ती हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्यासाठी. पण आधी निदान तर व्हायला हवं!

तपासणी सोपी आहे. उताणं झोपवून घोट्याचा आणि दंडाचा वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, मोजतात. घोट्याला १०८ आणि दंडाला १४४ आला तर भागाकार ०.७५. ०.९० किंवा त्याखाली म्हणजे धमनीचा आजार. डायबेटिसमध्ये मात्र कधीकधी धमन्या इतक्या कडक होतात की रक्तदाबाच्या पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा १.४ च्या वर जातो. तो पाहून हुरळू नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. नुसतं उभं राहून आराम पडत नसेल, बसावं किंवा पुढे वाकावं लागत असेल, तर दुखण्याचं मूळ बहुधा मणक्यात असतं.

पोटरीचं खरं औषध चालणं. हृदय तपासून घ्या, पायाला जखम नाही ना बघा, मग सुरुवात करा. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ पूर्ण गेली की परत चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान ३ दिवस, १२ आठवडे. दुखतं म्हणून लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडतात, तिथेच घोडं अडतं. तंबाखू, विडी, मशेरी बंद. स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) डॉक्टरांना विचारा. सिलोस्टाझॉल या गोळीने चालण्याचं अंतर थोडं वाढतं, पण हार्ट फेल्युअर असेल तर ती देत नाहीत.

अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची का, हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या. गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन घेत असतील तर सांगा, ती अ‍ॅस्पिरिनच्या आड येते. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका. डायबेटिसमध्ये चटका कळत नाही. रात्री पाय पलंगाखाली सोडल्याशिवाय झोप येत नसेल किंवा बोटाची जखम भरत नसेल, तर व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे लगेच जा. पाय अचानक गार, पांढरा पडून ठणकू लागला तर सकाळची वाट पाहू नका, मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.