बाईची आकृती कमरेच्या वळणापासून सुरू करू नका

तुमची तिन्ही स्केचेस पाहिली. ‘क्लासमध्ये सांगितलेलं आठ डोक्यांचं माप (उंची डोक्याच्या आठपट) पाळते, तरी बाई काढली की एकतर लांब केसांचा पुरुष दिसतो, नाहीतर साडीच्या दुकानातला पुतळा’ असं तुम्ही लिहिलंय. माझं नेमकं हेच दुखणं होतं आणि तेही इथंच, कोल्हापुरात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. डोक्यानं उंची मोजणं, मध्यरेषा वगैरे तुम्हाला येतं, ते सोडून देते.

माप फार बिघडलेलं नाही. खरी माणसं साडेसात डोक्यांच्या आसपास असतात, आठ हे आदर्श रूप, एवढाच फरक. गडबड भाराची आहे. तुमच्या तिन्ही बायका दोन्ही पायांवर सारख्या उभ्या आहेत, खांदे आडवे, कटीही (कंबर नव्हे, तिच्याखालचा नितंबांच्या हाडांचा भाग) आडवी, आणि बाजूनं तेवढी वळणदार रेष फिरवलीय.

ही पद्धत कुठून येते ते मला पक्कं माहीत आहे. मी ज्या क्लासला जायचे (नाव नको), तिथं आधी पुरुषाचा साचा गिरवायचा, मग कंबर आत, नितंब बाहेर, झाली बाई. एखाद्या मावशींना साडीतच समोर बसवून काढू द्या म्हटलं, तर ‘पालक काय म्हणतील’ हे उत्तर. साचा नीट आला की शाबासकी, त्यामुळे कुणी तक्रारही करत नसे. पुढं जिवंत मॉडेल समोर आलं तरी हात साचाच काढायचा. ती सवय मोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्याचा राग अजून आहे. फी घेऊन मुलींना मुलींचंच शरीर न बघता काढायला शिकवायचं, आणि तेही चित्रकार म. वि. धुरंधर १८६७ साली ज्या गावात जन्मले तिथं! धुरंधरांच्या बायका बघा. लुगड्याच्या आत गुडघा कुठं आहे, भार कोणत्या पायावर आहे, हे लगेच कळतं.

आता कामाचं. आरशासमोर उभ्या राहा. ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना पुढं हाडाची टोकं हाताला लागतात, त्यांवर एकेक बोट ठेवा आणि सगळा भार उजव्या पायावर घ्या. उजवं बोट वर जातं, डावं खाली. सैल उभ्या असाल तर खांद्यांची रेष उलटी कलते, उजवा खांदा उतरतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा (वजन बांधलेला सरळ दोरा) सोडला तर तो उजव्या पावलाच्या आसपास पडतो. कागदावर आधी एवढंच काढा: कटीचा कल, खांद्यांचा कल, ओळंबा आणि भाराचा पाय. बाह्यरेषा सगळ्यात शेवटी.

यानंतर स्त्रीदेहाचे फरक आपोआप जागेवर बसतात. खांद्यांच्या मानानं कटी रुंद, म्हणून मांड्यांची हाडं गुडघ्यांकडे जास्त तिरपी येतात. बरगड्यांचा पिंजरा लहान. हात सरळ सोडून तळवा पुढं केला की कोपरापासून खालचा हात थोडा जास्त बाहेर झुकतो. हे सगळं सरासरीचं बोलणं आहे. रुंद खांद्यांच्या, अरुंद कटीच्या बायका भरपूर असतात, समोर जी आहे तीच काढायची.

खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळाच्या भिंतींवर कोरलेल्या सुंदरी अभ्यासायला जरूर जा, अंबाबाईच्या देवळाबाहेरच्याही. पण माझं स्पष्ट मत: त्यांच्याकडून देहाचा बाक घ्या, प्रमाणं घेऊ नका. ती बारीक कंबर शिल्पशैलीची आहे, हाडामांसाची नाही.

त्यापेक्षा कपिलतीर्थ मार्केटात सकाळी उभ्या राहा. कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की बघा: मुलाच्या बाजूची कटी बाहेर सरकते, धड उलट्या बाजूला झुकतं आणि दुसरा हात तोल सांभाळायला मोकळा सुटतो. भाजीवाल्या मावशी एक गुडघा उभा करून बसतात, तेव्हा साडीचा ताण त्या गुडघ्यापासून निघतो आणि चुण्या तिथूनच पसरतात. साडीच्या चुण्या मनानं काढायच्याच नाहीत. कापड कुठं अडकलंय आणि कुठं लोंबतंय ते शोधायचं. मावशींना आधी विचारा मात्र, आणि गिऱ्हाईक असताना समोर उभ्या राहू नका. काढून झालं की चित्र दाखवा, पुढच्या वेळी त्या स्वतःहून बसतात.

मी शिक्षिका नाही, पुस्तकांसाठी चित्रं काढते. तुमच्या परीक्षेत कशाला मार्क देतात हे मला विचारू नका. परीक्षेसाठी साचा लागत असेल तर तेवढ्यापुरता काढा, सरावाची वही वेगळी ठेवा. महागडं स्केचबुक नको, साध्या न्यूजप्रिंटचा गठ्ठा आणि चारकोल घ्या, म्हणजे खोडत बसण्याचा मोह होत नाही. तुमच्या दुसऱ्या चित्रातली घागरवाली बाई चांगली सुचली आहे. घागर डाव्या कडेवर आहे, तर डावी कटी बाहेर काढा, धड उजवीकडे झुकवा आणि ती पुन्हा काढून इथं पोस्ट करा, मी बघते.