उदासी काय जपानच्या रक्तातच हाय का?

प्रश्न : ताई, नमस्कार. गावच्या वाचनालयात एका जपानी कादंबरीचा अनुवाद भेटला. पूर्ण वाचला पण त्यात काही घडतच नाही, बर्फ पडते, माणसं गप बसून राह्यतात, अन् कालवते आपल्याच पोटात. ह्या लोकायच्या रक्तातच दुःख हाय का? दुसरं म्हणजे मी कथा लिहितो तं पुण्याकडचे म्हणतात, विदर्भाचा हायेस ना, मंग कापूस अन् आत्महत्येवरच लिही. काय करू?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : दादा, रक्ताबिक्ताचं काही नाही. सरत्या गोष्टीपायी जीव हळवा होतो त्याला ते ‘मोनो नो आवारे’ म्हणतात, अन् तीच आपली खास जपानी ओळख असं ठासून मांडलं १८व्या शतकात, मात्सुसाका गावच्या एका डॉक्टरनं, मोतोओरी नोरिनागानं. त्याच्यासमोर होती ‘गेंजी मोनोगातारी’, म्हणजे गेंजी नावाच्या राजपुत्राची कादंबरी, ११व्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या दरबारातल्या बाईनं लिहिलेली. पंडित लोक तिच्यातून बौद्ध नाहीतर कन्फ्यूशियन उपदेश पिळून काढायचे, हा म्हणाला उपदेश गेला खड्ड्यात, वाचून मन हललं का ते सांगा. मला तरी पटतं. त्यात गेंजीची लाडकी बायको आजारी असते, संध्याकाळी वारा सुटतो, हागीच्या झुडपावरचं दव किती टिकणार अशी कविता ती म्हणते, अन् पहाटे जाते. आता यात फक्त जपानी माणसालाच कळावं असं काय आहे?

पण ओळख म्हटली की तिचा वापर करणारे येतातच. याच नोरिनागाची एक कविता आहे, जपानी मन म्हणजे सकाळच्या उन्हातली रानसाकुरा, म्हणजे रानचेरीची फुलं, अशा अर्थाची, अन् ऑक्टोबर १९४४मधे पहिल्या कामिकाझे, म्हणजे विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळून मरणाऱ्या, तुकड्यांना नावं दिली ती त्याच कवितेतले शब्द घेऊन. हळवेपणाचं काय करून ठेवलं बघा! पुढं १९६८ला कादंबरीकार कावाबातांनी नोबेलच्या भाषणाला ‘सुंदर जपानातला मी’ असा मथळा देऊन सुंदर जपान मांडला, तं १९९४ला दुसरे नोबेलवाले लेखक ओए यांनी त्याच मथळ्याला मुद्दाम वाकडं करून आपला जपान दुभंगलेला असल्याचं सांगितलं. म्हणजे त्यांच्यातच एकमत नाही.

तुमच्या पुणेकरांचं म्हणाल तं कापूस सोडू नका, दुःखही लपवू नका, पण कापूस वेचणीच्या आधी सीतादहीच्या पूजेला बाया वावरात दहीभात घेऊन जातात, तिथं हसणं, टोमणे, जावाजावांची कुरकुर सगळं असतं, ते काहून गाळता? मागणीबरहुकूम रडू नका. कथा पाठवा, फक्त कागदाच्या एकाच बाजूनं लिहा, मागच्या वेळेस अर्धं अक्षर लागलं नाही.